अनागत वाचकाचा हक्क

सार्वजनिक वाचनालयातून घरी नेलेले पुस्तक नेमके कोणाचे, हा प्रश्न वरवर पाहता नियमावलीचा वाटतो आणि त्याचे उत्तरही सोपे वाटते: पुस्तक संस्थेचे असते, सभासद वर्गणी आणि अनामत रक्कम भरून ते ठरावीक मुदतीसाठी घरी नेतो आणि मुदत संपण्याआधी देवघेव विभागात परत करतो. परंतु हे उत्तर संस्था आणि सभासद या दोन पक्षांपुरतेच पुरे पडते. तेच पुस्तक उद्या, पुढच्या वर्षी किंवा पन्नास वर्षांनी मागणारा वाचक हा या व्यवहारातील तिसरा पक्ष असून तो व्यवहाराच्या वेळी हजर नसतो, त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते आणि त्याच्यावर अन्याय झाला, तरी तो कोणी केला हे त्याला कधीच कळत नाही. जो समोर नाही, ज्याची ओळख नाही आणि जो जाब विचारू शकत नाही, अशा माणसाशी आपले काही कर्तव्य असते काय, आणि असल्यास त्याला आधार कोणता, हा धर्मविचारातील एक मूलभूत प्रश्न आहे. येथे धर्म हा शब्द उपासनापद्धती या मर्यादित अर्थाने घेतलेला नसून माणसांचे सहजीवन धारण करणारे आचरण या व्यापक अर्थाने घेतला आहे, आणि त्या अर्थाने वाचनालयातील वागणूक हा शिष्टाचाराच्या पलीकडे जाणारा, धर्माच्या कक्षेत येणारा विषय ठरतो.

नाशिकमध्ये हा प्रश्न विचारण्यास विशेष औचित्य आहे. 'सावाना' या संक्षिप्त नावाने शहराला परिचित असलेले सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे आणि अहमदनगरचे १८३८ चे, त्यामुळे महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या सार्वजनिक वाचनालयांत नाशिकची गणना होते. ज्यांनी पहिली वर्गणी दिली, पहिली पुस्तके मिळवली आणि पहिल्या नोंदवह्या लिहिल्या, त्यांपैकी कोणालाही आजचा वाचक माहीत नव्हता आणि आजच्या वाचकाला त्यांचे आभार मानण्याची सोय उरलेली नाही. पावणेदोनशेहून अधिक वर्षे चालत आलेल्या अशा संस्थेत प्रत्येक सभासद हा मधला दुवा असतो, म्हणजे त्याला जे मिळाले ते न भेटलेल्या माणसांकडून मिळालेले असते आणि त्याने जे पुढे द्यायचे तेही न भेटणाऱ्या माणसांनाच द्यायचे असते.

अशा न भेटणाऱ्या माणसांचा हक्क मान्य करणारा एक फार जुना दस्तऐवज नाशिकच्याच दगडावर कोरलेला आहे. शहराच्या दक्षिणेस असलेल्या त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांमध्ये दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. त्यांपैकी एका लेखात लेण्याबरोबरच तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, 'अक्षयनिवी' दिल्याची नोंद आहे. अक्षयनिवी म्हणजे ज्याचे मुद्दल कधीही खर्च करायचे नाही आणि केवळ व्याज वापरायचे असा कायम निधी. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवण्यात आली: दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. या लेखातील तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, दान स्वीकारणारा पक्ष कोणी नामवंत आचार्य नाही किंवा त्या दिवशी लेण्यात राहणारे भिक्षूही नाहीत. दान दिले आहे ते 'चातुर्दिश संघा'ला, म्हणजे चारही दिशांना पसरलेल्या समग्र संघाला, त्यातील जे कोणी पुढे या लेण्यात वास करतील त्यांच्यासाठी.

बौद्ध विनयग्रंथांत, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांच्या ग्रंथांत, ही कल्पना अधिक नेमकेपणाने मांडलेली आढळते. तेथे संघाच्या मालमत्तेचा धनी 'आगत' आणि 'अनागत' असा दोन्ही प्रकारचा संघ मानला आहे. आगत म्हणजे आलेले आणि अनागत म्हणजे अद्याप न आलेले. विहार, जमीन, मंचक, पीठ यांसारख्या टिकाऊ वस्तू उपस्थित भिक्षूंनी एकमताने ठरवले तरी आपसांत वाटून घेता येत नाहीत, कारण ज्यांचा त्यांवर समान हक्क आहे असे अनागत भिक्षू त्या बैठकीला हजरच नसतात. याच तत्त्वावर विनयातील एक छोटा नियम उभा आहे: संघाच्या मालकीचा मंचक किंवा आसन उघड्यावर मांडून ते परत न ठेवता, किंवा ठेवण्याची व्यवस्था न करता निघून जाणारा भिक्षू दोषी ठरतो. हा दोष चोरीचा नाही, कारण वस्तू कोणी पळवलेली नाही. तो हेतुपूर्वक केलेल्या नासधुशीचाही नाही. आपला वापर संपला म्हणजे आपला संबंध संपला असे समजण्याचा तो दोष आहे. वाचनकक्षातील मासिक टेबलावर तसेच टाकून जाणारा, मुक्तद्वार विभागात, म्हणजे वाचकाला कपाटापर्यंत जाऊन स्वतः पुस्तक निवडता येते अशा विभागात, काढलेले पुस्तक कोणत्याही फळीवर खुपसून देणारा, किंवा वाचून झालेले पुस्तक महिनोन्‌महिने घरच्या कपाटात ठेवणारा सभासद नेमका हाच दोष करत असतो. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक यादीत असते, संस्थेच्या भिंतींच्या आतही असते, आणि तरीही ते शोधणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने ते हरवलेलेच असते.

वैदिक परंपरेने याच कर्तव्याचा विचार ऋणाच्या कल्पनेतून केला आहे. तैत्तिरीय संहितेत सांगितलेल्या तीन जन्मजात ऋणांपैकी देवऋण यज्ञाने, पितृऋण संततीने आणि ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे विद्याध्ययनाच्या व्रताने, फेडायचे असते. ऋषिऋण म्हणजे ज्यांनी ज्ञान निर्माण केले आणि जतन केले त्यांचे देणे. या विचाराची खोली अशी की, येथे ऋणको धनकोला काहीच परत करत नाही. ज्ञान निर्माण करणारा केव्हाच निघून गेलेला असतो, म्हणून देणे फिटते ते ज्ञान आत्मसात करून पुढच्या पिढीकडे पोचवण्याने. मात्र या विचाराची मर्यादाही तेवढ्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. मूळ वचनात हे ऋण ब्राह्मणासंबंधी सांगितले आहे, आणि पुढे शतकानुशतके विद्येचे देणे आणि घेणे दोन्ही मूठभरांच्या हाती राहिले. सार्वजनिक वाचनालयाने ऋषिऋणाची कल्पना खऱ्या अर्थाने पुरी केली असे म्हणता येते, कारण तेथे दाराशी येणारा प्रत्येक माणूस ऋणकोही होतो आणि पुढच्याला देणाराही होतो.

न पाहिलेल्या वाचकाची काळजी प्रत्यक्ष कृतीत कशी उतरते, याचा सूक्ष्म विचार मराठीत समर्थ रामदासांनी केलेला आहे. नाशिकजवळच्या टाकळी येथे त्यांनी बारा वर्षे तपश्चर्या आणि अध्ययन केले अशी परंपरा आहे, आणि दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी केवळ लेखनक्रियेला दिला आहे. अध्यात्मग्रंथात अक्षर कसे काढावे याचे विवेचन का यावे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तो समास वाचताना ध्यानात येते की त्यातील प्रत्येक सूचनेमागे पुढचा वाचक उभा आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून ते मध्यम आकाराचे असावे. कागदाच्या चारही बाजूंना कोरी जागा सोडावी, कारण कडा झिजून झडल्या तरी मजकूर शाबूत राहिला पाहिजे. ही कोरी जागा सोडताना लिहिणाऱ्याच्या मनात कागदाच्या झिजण्याचा आणि आपल्या नंतरच्या डोळ्यांचा हिशेब आहे. अक्षर सुबक काढणे हे येथे कौशल्यापुरते उरत नाही. ते परोपकाराचे, तेही अज्ञात माणसावरील परोपकाराचे, साधन होते. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडणे, उघडे पुस्तक पालथे घालून त्याची बांधणी ढिली करणे, ओल्या किंवा तेलकट हाताने पान उलटणे या आजच्या सवयी समर्थांच्या त्या समासासमोर ठेवून पाहिल्या, तर त्यांतील उणीव चटकन दिसते: त्यांत आपल्या नंतरचे डोळे कोठेच नाहीत.

ज्ञानाच्या मार्गात माणूस माणसाला कसकसा आडवा येतो, याचे सर्वांत बारकाईचे वर्गीकरण मात्र जैन दर्शनात सापडते. जैन विचारानुसार जीवाच्या ठायी ज्ञान स्वभावतःच असते, पण कर्मामुळे ते झाकले जाते, आणि ज्ञानाला झाकणाऱ्या कर्माला ज्ञानावरणीय कर्म म्हणतात. हे कर्म कशाने बांधले जाते, याची सहा कारणे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात दिली आहेत: प्रदोष, म्हणजे ज्ञानाविषयी आणि ज्ञानवंताविषयी मनात धरलेला आकस; निह्नव, म्हणजे स्वतःजवळ असलेले ज्ञान नाही म्हणून लपवणे; मात्सर्य, म्हणजे देण्याजोगे असूनही दुसरा आपल्या बरोबरीला येईल या भावनेने न देणे; अंतराय, म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत विघ्न आणणे; आसादन, म्हणजे ज्ञानाचा अनादर करणे किंवा ते प्रकट होऊ न देणे; आणि उपघात, म्हणजे ज्ञानाला दूषण लावणे, त्याचा घात करणे. या सूत्राच्या रचनाकाळी छापील पुस्तक नव्हते आणि सार्वजनिक वाचनालयही नव्हते, तरीही वाचनालयातील बहुतेक दोष या सहांमध्ये चपखल बसतात. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी सर्वांना हवा असलेला संदर्भग्रंथ दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून मागच्या फळीत दडवणे हे मात्सर्य आणि निह्नव दोन्ही आहे. कोशातील हवे ते पान फाडून नेणे हा उपघात आहे. आणि अभ्यासिकेत दिवसभर पिशवी ठेवून जागा अडवणे, किंवा शेजारी कोणी वाचत असताना भ्रमणध्वनीवर बोलत राहणे, हा शुद्ध अंतराय आहे.

या मांडणीतील मर्म परिणामाच्या विचारात आहे. दुसऱ्याच्या ज्ञानात आणलेल्या विघ्नाचे फळ म्हणून विघ्न आणणाऱ्याचेच ज्ञान झाकले जाते, असे हे दर्शन सांगते. कर्मसिद्धांतावर ज्याची श्रद्धा नाही, त्यालाही यातील मानसशास्त्रीय सत्य पटण्यासारखे आहे, कारण जो माणूस ज्ञानाला स्पर्धेतील शस्त्र मानून ते इतरांपासून राखतो, त्याचा ज्ञानाशी असलेला संबंधच आकुंचित होतो आणि पुस्तक त्याला गुणांपलीकडे काही देईनासे होते. नाशिकलगतच्या म्हसरूळ येथील गजपंथ हे दिगंबर जैनांचे तीर्थक्षेत्र आहे, आणि त्या संप्रदायात ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळली जाते, जेव्हा शास्त्रग्रंथ बाहेर काढून स्वच्छ केले जातात, त्यांना नवी वेष्टने घातली जातात आणि त्यांची पूजा होते. ग्रंथाची धूळ झटकणे हाच जेथे पूजेचा भाग आहे, तेथे भक्ती आणि जतन यांच्यात अंतर राहत नाही. उलट, सरस्वतीच्या प्रतिमेला हार घालून तिच्याच समोरच्या टेबलावर पुस्तकाची पाने दुमडली जात असतील, तर त्या पूजनाला अर्थ उरत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पुस्तक उशिरा परत करणारा सभासद विलंब शुल्क भरतो, हरवले तर किंमत भरून देतो; मग त्याचे देणे फिटले नाही काय? भारतीय धर्मशास्त्राने दंड आणि प्रायश्चित्त यांत जो भेद केला, तो या ठिकाणी उपयोगी पडतो. दंड राजा, म्हणजे शासनसंस्था, करतो आणि तो बाहेरून लादला जातो. प्रायश्चित्त दोष उमजल्यावर माणूस आपणहून स्वीकारतो आणि त्याचा संबंध अंतःकरणाच्या शुद्धीशी असतो. विलंब शुल्काने संस्थेचा हिशेब पुरा होतो, परंतु ज्या विद्यार्थ्याला परीक्षेपूर्वी ते पुस्तक मिळाले नाही, त्याला त्यातील एक पैसाही पोचत नाही आणि पोचला तरी गेलेली वेळ परत येत नाही. शिवाय दंडाला किंमत समजण्याचा धोका असतो. इस्रायलमधील हैफा शहरातील पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना तेथे दंड लावला, तेव्हा उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढल्याचे आढळले, कारण पूर्वी ज्या गोष्टीचा संकोच वाटे, ती आता पैसे मोजून घेता येणारी सोय झाली. कर्तव्याचे मोल पैशात ठरले की कर्तव्यभावना शिथिल होते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. म्हणून विलंब शुल्क आवश्यक असले, तरी ते भरून मोकळे झालो असे मानणे चुकीचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारवंत वाचकाकडून येतो. पोथ्यांच्या समासात जाणकारांनी लिहिलेल्या टिपा आज संशोधकांना मोलाच्या वाटतात. मग वाचनालयाच्या पुस्तकात अधोरेखन करणे, शेरे लिहिणे निषिद्ध का असावे? याचे उत्तर हेतूत आणि अधिकारात आहे. पोथीच्या समासातील शुद्धिपत्र किंवा कठीण शब्दाचा अर्थ पुढच्या अभ्यासकाची वाट सुकर करण्यासाठी लिहिलेला असे, आणि बहुधा पोथीच्या धन्याने किंवा त्याच्या संमतीने लिहिलेला असे. वाचनालयाच्या पुस्तकातील अधोरेखन स्वतःच्या स्मरणासाठी केलेले असते, पण ते पुढच्या प्रत्येक वाचकावर लादले जाते. कोणते वाक्य महत्त्वाचे आहे हे ज्याचे त्याने ठरवण्याआधीच ते ठरून गेलेले असते. पुस्तकाला स्वच्छ मनाने भेटण्याचा जो हक्क पहिल्या वाचकाला मिळाला, तोच शंभराव्या वाचकालाही मिळाला पाहिजे, आणि टिपणांसाठी वही जवळ ठेवणे एवढीच त्याची किंमत आहे.

कर्तव्याची ही चर्चा येथेच थांबली, तर तिचा दुरुपयोग होण्याचा संभव आहे, आणि तो धोका नाशिकने फार जवळून पाहिलेला आहे. हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक एक प्रसिद्ध प्रार्थना लिहीत, जिच्यात पुस्तकच वाचकाला विनवते की मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वाचवा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पहिल्या तीन विनवण्या कालातीत आहेत. चौथी मात्र तपासून घेतली पाहिजे, कारण मूर्ख कोण आणि पात्र कोण हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांनी जन्मावरून बहुसंख्य समाजाला अपात्र ठरवले. पावित्र्य, स्वच्छता आणि शिस्त हीच कारणे पुढे करून माणसांना मंदिरांपासून, पाणवठ्यांपासून आणि शाळांपासून दूर ठेवले गेले. मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली बोले ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि इतर सार्वजनिक स्थळे अस्पृश्य मानलेल्यांना खुली असावीत असे म्हटले, तरी प्रत्यक्षात दारे बंदच राहिली. आणि २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बळावर, नाशिकच्या काळाराम मंदिरातील प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षे चालूनही मंदिराचे दार तेव्हा उघडले नाही. 'सार्वजनिक' या विशेषणाला किती किंमत द्यावी लागली, हे या इतिहासावरून कळते.

सार्वजनिक वाचनालयाने त्या प्रार्थनेतील चौथी विनवणी जाणीवपूर्वक नाकारली आहे, आणि हाच त्याचा नैतिक पराक्रम आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावी १८६३ मध्ये जन्मलेले आणि पुढे बडोद्याचे महाराज झालेले सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथालयतज्ज्ञाला पाचारण करून संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले, गावोगावी ग्रंथपेट्या फिरवल्या, आणि ज्यांच्या हाती पूर्वी पुस्तक पडले नव्हते त्यांच्यावर विश्वास टाकला. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांत पहिलाच सिद्धांत पुस्तके उपयोगासाठी असतात असा आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यानुसार शासनमान्य वाचनालयांना सार्वजनिक निधीतून अनुदान मिळते, म्हणजे ज्याने कधी वाचनालयाची पायरी चढलेली नाही त्या शेतमजुराच्या करातूनही पुस्तके येतात. प्रवेशासाठी पात्रतेची अट नसणे, हे या व्यवस्थेचे तत्त्व आहे. म्हणूनच जबाबदारी ही हक्काची पूर्वअट होऊ शकत नाही; ती हक्कातूनच उगवते. पूर्वी पुस्तकाचे रक्षण निवडक हातांवर सोपवलेले होते, आता ते सर्व हातांवर सोपवलेले आहे, आणि सर्वांवर सोपवलेले काम प्रत्येकाने केले तरच होते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, विचारी वाचक स्वतःशी कठोर आणि नवख्याशी मृदू असतो. बालविभागात पुस्तक ओढताना फळी पाडणारे मूल, नोंदवही कशी भरावी हे न कळणारी पहिल्या पिढीची वाचक, अभ्यासिकेत उन्हापासून आसरा घेण्यासाठी येऊन वर्तमानपत्र चाळणारा वृद्ध, या सर्वांचा हक्क अनुभवी सभासदाइतकाच पुरा आहे, आणि त्यांच्याकडे रागाने पाहून त्यांना परके वाटायला लावणे हाही अंतरायच आहे. दुसरी अशी की, देखरेख नसतानाचे वर्तन हीच या धर्माची खरी कसोटी आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे सोपवली जाते, ती गट आपसांत वाचतो आणि नंतर पेटी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. तेथे देवघेवीची खिडकी नाही आणि प्रत्येक पानावर नजर ठेवणारा ग्रंथपालही नाही. नाशिकमधून निघालेल्या या पेट्या राज्यात आणि परदेशातही पोचल्या, यावरून एवढे निश्चित म्हणता येते की अनोळखी वाचकावर टाकलेला विश्वास हा व्यवहार्य पाया ठरू शकतो.

उषवदाताचे दान, ऋषिऋणाची कल्पना, समर्थांचा समास आणि तत्त्वार्थसूत्रातील सहा कारणे ही परस्परांहून भिन्न, काही ठिकाणी परस्परविरोधीही असलेल्या परंपरांची देणी आहेत. परंतु ज्ञान ज्याच्या हाती आले तो त्याचा अंतिम धनी नाही, याविषयी त्यांच्यात मतभेद नाही. त्या आधारावर आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते: वाचनालयाचे पुस्तक आगत आणि अनागत अशा सर्व वाचकांचे असते, आणि हाती असलेल्या काळापुरता वाचक त्याचा विश्वस्त असतो. या विश्वस्तपणासाठी मोठा त्याग लागत नाही. पुस्तक मुदतीत परत करावे, पान न दुमडता खूण म्हणून कागदाची पट्टी ठेवावी, काढलेले पुस्तक त्याच्या जागी किंवा ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवावे, फाटलेले पान लपवून न ठेवता दाखवून द्यावे, वाचनकक्षात आवाज आवरावा आणि उठताना जागा मोकळी करावी. ज्या नाशिककराच्या घरी एखाद्या वाचनालयाचे मुदत उलटून गेलेले पुस्तक आज पडून असेल, त्याने ते उद्या सकाळी परत करावे. त्या पुस्तकाची वाट पाहणारा वाचक त्याला कधी भेटणार नाही, पण त्या वाचकाचा हक्क मात्र खरा आहे.